परिषदेच्या निमित्तानें कोल्हापूर
(नभोवाणीवरील भाषण)

परिषदेला, संमेलनाला किंवा अधिवेशनाला परगांवीं गेलेला मनुष्य परत आला म्हणजे घरचीं माणसें त्याला पहिला प्रश्न विचारतात तो हा कीं, "तेथें काय काय पाहिलेंत?" आणि पुष्कळदां त्या बिचाऱ्याला खालीं पाहावें लागतें. कारण त्यानें पाहिलेलें असतें तें एवढेंच : स्टेशन, उतरण्याची जागा, सभागृह आणि भोजनाची पंगत. अलीकडे मोठ्या शहरांतून जीं विशाल परिषदगृहें उभीं राहिलीं आहेत, त्यांनीं तर ही अडचण पुरी करून टाकली आहे. मुंबईच्या वांद्रे-कुर्ला भागांतील जिओ वर्ल्ड सेंटर घ्या, किंवा दिल्लीच्या प्रगति मैदानावर २०२३ सालीं उघडलेलें भारत मंडपम् घ्या. अशा ठिकाणीं हजारों माणसांना बसण्याची, बोलण्याची व जेवण्याची सोय एकाच आवारांत असते. सोय उत्तम, यांत शंका नाहीं. मात्र त्या आवारांतून बाहेर न पडतां तीन दिवस काढले, तर आपण कोणत्या गांवीं आलों होतों हें सांगण्यास तिकिटाखेरीज दुसरा पुरावा उरत नाहीं.

कोल्हापूरची गोष्ट निराळी आहे. या गांवाला सभा-संमेलनें नवीन नाहींत. १९३२ सालीं सयाजीराव गायकवाड यांच्या अध्यक्षतेखालीं मराठी साहित्य संमेलन येथें भरलें होतें. त्यानंतर साठ वर्षांनीं, १९९२ सालीं, रमेश मंत्री यांच्या अध्यक्षतेखालीं तें पुन्हां येथें भरलें. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचें खंडपीठ येथें बसूं लागल्यामुळें वकील-पक्षकारांची ये-जाहि वाढली आहे. तेव्हां कामानिमित्त कोल्हापुरास जाण्याचा प्रसंग आपणांपैकीं पुष्कळांना येणार आहे. अशा पाहुण्याला एक सकाळ व एक संध्याकाळ मोकळी मिळाली, तर ती कशी घालवावी, हें मी आज सांगणार आहें.

माझी सूचना थोडी वेगळी आहे. गांवाची खरी ओळख करून घ्यावयाची असेल, तर त्या गांवांत माणसें एकत्र जमत आलीं तीं कोठें, आणि तेथें कोणाला कोठें बसावयास मिळालें, हें पाहावें. कोल्हापूरचें सभागृह एका इमारतींत नाहीं. तें गांवभर वांटलेलें आहे. त्याचीं दालनें एकामागून एक पाहत गेलें, म्हणजे देऊळ, राजवाडा, तळें हीं सारीं प्रेक्षणीय स्थळें वाटेंतच लागतात. ही सारी वाट पांच किलोमीटरांच्या आंतबाहेर आहे. पायांत त्राण असेल त्यानें ती चालूनच जावें.

सुरुवात करावी दसरा चौकापासून. रेल्वे स्टेशनाहून तो जवळ आहे. चौकांत राजर्षि शाहू महाराजांचा पुतळा आहे, आणि जवळच शाहू स्मारक भवन आहे. आज व्याख्यानें, चित्रप्रदर्शनें व लहानमोठीं संमेलनें भरतात तीं बहुधा या भवनांत. त्यामुळें पाहुण्याचें काम कदाचित् येथेंच असेल. तसें असल्यास त्यानें मधल्या सुटींत बाहेर येऊन चौकाच्या भोंवतालीं एकदां नजर टाकावी. जैन, लिंगायत, मुसलमान अशा निरनिराळ्या समाजांचीं विद्यार्थि-वसतिगृहें या परिसरांत एकमेकांच्या शेजारीं उभीं आहेत. खेड्यांतला हुशार मुलगा शहरांत शिकावयास आला तर त्यानें राहावें कोठें आणि जेवावें कोठें, या साध्या प्रश्नावर महाराजांनीं काढलेला तो तोडगा होता. १९०१ सालीं मराठा व जैन विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांपासून आरंभ झाला. १९०६ सालीं मुसलमान विद्यार्थ्यांसाठीं आणि १९०८ सालीं अस्पृश्य मानलेल्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठीं सोय झाली. शाळेची दारें उघडीं असलीं तरी रात्रीं पाठ टेकण्यास जागा नसेल, तर तीं दारें बंद असल्यासारखींच, हें महाराजांनीं ओळखलें होतें. दसऱ्याच्या दिवशीं सूर्यास्ताच्या वेळीं देवींच्या व गुरुमहाराजांच्या पालख्या याच चौकांत येतात, शमीचें पूजन होतें आणि सोनें लुटलें जातें. एरवी रहदारीनें गजबजलेला हा चौक त्या दिवशीं साऱ्या गांवाचें अंगण होतो.

येथून थोडें चालून गेलें, म्हणजे छत्रपति प्रमिलाराजे रुग्णालयासमोर, झाडांच्या दाटींत, दोन टोकदार शिखरांची एक दगडी इमारत दिसते. तोच टाऊन हॉल. १८७२ ते १८७६ या काळांत तो बांधला गेला. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. पुढें नवा राजवाडा ज्यांनीं रचला तेच हे स्थापत्यकार. गांवाला सभेसाठीं घर हवें, ही कल्पना त्या वेळीं विलायतेहून आली, आणि तिच्याबरोबर निमुळत्या कमानी व उतरतें छप्परहि आलें. आज मात्र येथें सभा भरत नाहीं. येथें वस्तुसंग्रहालय आहे. सोमवार टाळून जावें आणि तासभर तरी काढावा.

या संग्रहालयांतील एका लहानशा वस्तूकडे मी आपलें लक्ष वेधूं इच्छितों. पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरी नांवाचें टेकाड आहे. १९४५-४६ मध्यें पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनीं तेथें उत्खनन केलें, आणि सातवाहनांच्या काळचें नांदतें गांव जमिनींतून वर आलें. या टेकाडांत सांपडलेल्या वस्तूंत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची कांस्यमूर्ति आहे. हातांत मावेल एवढीच. समुद्र येथून सह्याद्रीच्या पलीकडे. तरीहि अठराशें-एकोणीसशें वर्षांपूर्वीं रोमन जगांतला कोणी समुद्रदेव घाट चढून या गांवीं आला होता. व्यापाऱ्याच्या गांठोड्यांतून आला कीं कोणा हौशी मनुष्यानें मागविला, तें ती मूर्ति सांगत नाहीं. पण रोमची आणि कोल्हापूरची ही पहिली भेट ध्यानांत ठेवावी. दुसऱ्या भेटीची कथा पुढें यावयाची आहे. आबालाल रहिमान व बाबूराव पेंटर यांचीं चित्रेंहि याच इमारतींत आहेत. तींहि पाहून मगच बाहेर पडावें.

आतां भाऊसिंगजी रस्त्यानें गांवाच्या पोटांत शिरावें. छत्रपति शिवाजी चौकांतील १९४५ सालीं उभारलेला पुतळा ओलांडला कीं भवानी मंडप, जुना राजवाडा व अंबाबाईचें देऊळ हीं एकमेकांना खेटून लागतात. देवळाविषयीं सांगण्यासारखें इतकें आहे कीं त्याला स्वतंत्र भाषण हवें. आज एकच गोष्ट सांगतों. देवीचें मुख पश्चिमेकडे आहे. वर्षांतून दोन वेळां, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यांत आणि जानेवारीच्या अखेरीस, मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारांतून सरळ गाभाऱ्यांत येतात. प्रथम चरणांवर, मग वर चढत मुखापर्यंत. त्यालाच किरणोत्सव म्हणतात. वाटेंत उंच बांधकाम आलें, किंवा हवेंत धूळ व ढग असले, तर किरण मध्येंच अडखळतात. आणि त्या संध्याकाळीं देवळांत दाटीनें उभ्या असलेल्या शेंकडों माणसांचा श्वास त्यांच्याबरोबर अडखळतो. पूर्वजांनीं सूर्याची वाट नेमकी मोजली. ती मोकळी ठेवणें मात्र आजच्या गांवाच्या हातीं आहे.

देवळाच्या पूर्वेस पांच-सात मिनिटांच्या अंतरावर बिंदू चौक आहे. येथें ना छप्पर ना खुर्च्या. परंतु कोल्हापूरच्या राजकीय सभांचें हें जुनें आणि मानाचें ठिकाण. येथें महात्मा जोतीराव फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे आहेत. भाई माधवराव बागल यांच्या पुढाकारानें ते ९ डिसेंबर १९५० रोजीं बसविण्यांत आले. म्हणजे बाबासाहेबांच्या हयातींतच, त्यांच्या निधनाच्या सहा वर्षें आधीं. या पुतळ्यांपुढें उभें राहिल्यावर आणखी एका परिषदेची आठवण होते. मार्च १९२० मध्यें कागल जहागिरींतील माणगांव या खेड्यांत अस्पृश्य मानलेल्या समाजाची परिषद भरली. अध्यक्ष होते तरुण आंबेडकर, आणि शाहू महाराज स्वतः तेथें हजर होते. त्या परिषदेला ना शिखरांचा हॉल होता ना गालिचे. परंतु त्यानंतर महाराष्ट्रांत जी चळवळ वाढत गेली, तिचा उगम सांगतांना त्या खेड्याचें नांव घेतल्यावांचून पुढें जातां येत नाहीं.

येथून दक्षिणेकडे वळलें कीं आपण माझ्या आजच्या विषयाच्या मुख्य दालनांत येतों. एका बाजूस खासबागेचें कुस्त्यांचें मैदान आणि त्याच्या पाठीला पाठ लावून उभें असलेलें नाट्यगृह. दोन्ही शाहू महाराजांचीं. आणि येथेंच रोमची दुसरी भेट होते.

१९०२ सालीं सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहणासाठीं महाराज विलायतेस गेले. बादशहांच्या दुखण्यामुळें जूनमधील समारंभ ऑगस्टपर्यंत लांबला. मागासलेल्या वर्गांसाठीं निम्म्या सरकारी जागा राखून ठेवण्याचा त्यांचा सुप्रसिद्ध हुकूम याच मुक्कामाच्या काळांत, २६ जुलै १९०२ रोजीं, कोल्हापुरांत निघाला. या प्रवासांत त्यांनीं रोमचें प्राचीन क्रीडागार पाहिलें. तें पाहून दुसरा एखादा संस्थानिक घरीं कमानींच्या तसबिरी घेऊन आला असता. महाराज स्वतः मल्ल. त्यांनीं त्यांतलें तत्त्व तेवढें उचललें. सपाट जमिनीवर कुस्ती लावली, तर मागच्या माणसाला पुढच्याच्या पागोट्याखेरीज कांहीं दिसत नाहीं. आखाडा मध्यभागीं खोलांत ठेवला आणि भोंवतालीं चढती उतरण केली, तर शेवटच्या रांगेंतल्या शेतकऱ्यालाहि पहिल्या रांगेंतल्या सरदाराइतकीच कुस्ती दिसते. १९०७ ते १९१२ या काळांत खासबागेचें मैदान तयार झालें तें या तत्त्वावर. सुमारें तीस हजार माणसें येथें बसूं शकतात. मध्यें लाल माती. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मुरवलेली. मैदान रिकामें असेल तेव्हांहि सर्वांत वरच्या पायरीवर जाऊन बसावें आणि खालीं पाहावें. "शेवटची जागा" म्हणून वाईट जागा येथें नाहीं, हें पुस्तकांतून नव्हे, डोळ्यांनीं पटतें.

मैदानानंतर १९१३ ते १९१५ च्या दरम्यान नाट्यगृह बांधलें गेलें, तें पॅलेस थिएटर या नांवानें. येथेंहि तीच दृष्टि आहे. सभागृहाच्या मधोमध एकहि खांब नाहीं. नटाचें मुख आणि प्रेक्षकाचा डोळा यांच्यामध्यें आडवें कांहीं येऊं नये. ध्वनिवर्धकाच्या पूर्वींचा तो काळ. नटाचा आवाज लाकूड, दगड आणि पोकळी यांच्या भरंवशावर शेवटच्या बांकापर्यंत पोंचावयाचा असे. मी लहानपणीं येथें नाटक पाहिलें तेव्हां आमची जागा अगदीं मागें होती. पण नटानें टाकलेला उसासा आमच्यापर्यंत आला, ही आठवण अजून जात नाहीं.

स्वातंत्र्योत्तर काळांत या नाट्यगृहास संगीतसूर्य केशवराव भोसले यांचें नांव देण्यांत आलें. केशवरावांचा जन्म कोल्हापुरांतच, ९ ऑगस्ट १८९० चा. पोरवयांत 'शारदा' नाटकांतील शारदेच्या भूमिकेनें त्यांनीं लोकांना वेड लावलें, आणि वयाच्या अठराव्या वर्षीं, १९०८ सालीं, हुबळीस स्वतःची ललितकलादर्श मंडळी काढली. त्यांच्या नाटकांचे पडदे रंगविणाऱ्यांत कोल्हापूरचेच बाबूराव पेंटर होते. पडदे रंगवितां रंगवितां त्यांना हलत्या चित्रांचा ध्यास लागला आणि त्यांतून महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली. नाट्यगृहापासून जवळच, खरी कॉर्नरवर, त्या कंपनीच्या स्मरणार्थ कॅमेऱ्याची दगडी प्रतिकृति उभारलेली आहे. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठीं 'मानापमान' नाटकाचा संयुक्त प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. त्यानंतर तीनच महिन्यांनीं, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षीं, केशवराव गेले. १८८३ पासून चालत आलेला गायन समाज देवल क्लब याच परिसरांत आहे, आणि शाहू महाराजांच्या दरबारीं असलेले अल्लादियाखाँसाहेब यांचाहि वास याच गांवांत होता. अर्ध्या किलोमीटरांत कुस्ती, नाटक, गाणें आणि बोलपटाची पूर्वपीठिका, अशी ही विलक्षण जागा आहे.

आणि आतां दुःखाची गोष्ट. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं या नाट्यगृहाला आग लागली. केशवरावांच्या जयंतीची ती पूर्वसंध्या. रंगमंच, छप्पर, पडदे, खुर्च्या, सारें आंतलें लाकूडकाम कांहीं तासांत भस्म झालें. मैदानाच्या बाजूचा खासबागेचा मंचहि जळाला. दगडी भिंती व दर्शनी भाग तेवढा राहिला. दुसऱ्या दिवशीं जयंती साजरी करावयास जमणारे कलावंत व रसिक त्या काळवंडलेल्या दारापाशीं उभे राहून रडले. शासनानें पुनर्बांधणीसाठीं निधि जाहीर केला, आणि कामाला हात घालण्यांत आला. "होतें तसेंच्या तसें उभें करा," अशी गांवानें मागणी केली.

ही मागणी ऐकावयास सोपी आहे; पुरी करावयास सोपी नाहीं. जुन्या नाट्यगृहाचा आवाज जुन्या लाकडांत होता, आणि त्याच लाकडानें आग वाढविली. आवाज राखावयाचा तर पोकळी, उंची व उतार यांचें माप जसेंच्या तसें हवें. माणसें राखावयाचीं तर पेट न घेणारें सामान, पाण्याचे फवारे, विजेच्या नव्या तारा आणि बाहेर पडण्याचे रुंद मार्ग हवेत. जुन्याचा अभिमान आणि नव्याची खबरदारी यांचा येथें मेळ घालावा लागतो. तो कसा घातला गेला, हें पाहावयास तरी प्रत्येक पाहुण्यानें त्या दारापर्यंत जावें. आणि तेथून एक संवय घरीं घेऊन यावी : आपल्या गांवांतील कोणत्याहि जुन्या नाट्यगृहांत पाऊल टाकलें कीं आपली खुर्ची शोधण्यापूर्वीं बाहेर पडण्याचा दुसरा दरवाजा कोठें आहे तें पाहावें, आणि तो कुलूपबंद असेल, तर व्यवस्थापकास विचारावें. अशा गृहांवरील प्रेमाचा हा फार उपयोगी प्रकार आहे.

मला स्वतःला वाटतें तें असें. भिंती मापावरून पुन्हां बांधतां येतात. पण महाराजांनीं मैदानाला आणि नाट्यगृहाला जें एक तत्त्व लावलें, कीं मागच्या माणसालाहि सारखें दिसावें, सारखें ऐकूं यावें, तें आराखड्यांत नुसतें उतरवून भागत नाहीं. तिकिटाचा दर, बसण्याची व्यवस्था, भाड्याचे नियम यांतून तें दररोज पाळावें लागतें. नव्या रंगमंचावर कोल्हापुरांतील एखाद्या हौशी मंडळीला, एखाद्या शाळेच्या मुलांना परवडेल अशा भाड्यांत तारीख मिळाली, तर जुनें नाट्यगृह परत आलें असें म्हणतां येईल.

संध्याकाळ उरली असेल, तर रंकाळ्यावर जावें. एके काळीं दगडाची खाण असलेली ही जागा आज विस्तीर्ण तलाव आहे; एका कांठीं शालिनी पॅलेस, दुसऱ्या कांठीं फिरणाऱ्यांची गर्दी. येथें कोणी कोणाला बोलावीत नाहीं, अध्यक्ष नाहीं, आभारप्रदर्शन नाहीं. तरी रोज सभा भरते. म्हातारे कठड्यावर बसतात, पोरें भेळेसाठीं हट्ट धरतात, पैलवान दुधाची चर्चा करतात. दुसऱ्या दिवशीं गाडीला वेळ असेल तर पहांटे गंगावेशींत दूधकट्ट्यावर जाऊन समोर धार काढलेलें म्हशीचें दूध प्यावें. पन्हाळा व जोतिबा यांना मात्र वेगळा दिवस हवा. घाईंत त्यांचा अपमान करूं नये.

इतकें केलें, आणि घरीं आल्यावर कोणी विचारलें कीं, "काय पाहिलेंत?", तर सांगावें : "एक सभागृह पाहिलें. त्याचीं दालनें पांच किलोमीटरांत पसरलीं आहेत, एकांत रोमचा समुद्रदेव आहे, एक जळून पुन्हां उभें राहत आहे, आणि तेथील मैदानांत शेवटची रांग म्हणून नाहींच."